हाडांची जहाजं, काडाच्या पेट्या आणि मण्यांचे साप: युद्धकैद्यांच्या हातकामाबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आमच्याकडे इंग्लंडमधल्या पीटरबरोला पुण्याहून, साताऱ्याहून कोणी ना कोणी येतच असतं, आणि लंडन-केंब्रिज फिरून पाय दुखायला लागले की मी त्यांना गावातल्या म्युझियममध्ये नेतो. तिथे काचेच्या कपाटांमध्ये नेपोलियनच्या काळातल्या युद्धकैद्यांनी बनवलेल्या वस्तू ठेवल्यात आणि या प्रकारच्या वस्तूंच्या जगातल्या मोठ्या संग्रहांपैकी हा एक आहे. बघून झाल्यावर प्रत्येक जण तेच तेच विचारतो, मग व्हॉट्सॲपवर त्यांचे नातेवाईक तेच विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. मी इतिहासाचा प्राध्यापक वगैरे नाही, पण दहा-बारा वर्षं हे वेड आहे.

युद्धकैदी आणि तेही खेळणी बनवत बसले होते? म्हणजे नक्की काय प्रकार?

पीटरबरोच्या दक्षिणेला यॅक्सली नावाचं गाव आहे, त्याच्या शेजारी नॉर्मन क्रॉस. आज तिथून ए-वन हायवे जातो आणि बाजूला नुसतं माळरान दिसतं. इंग्लंड-फ्रान्स युद्धात पकडलेल्या लोकांना ठेवायला जागाच पुरेना, जुने किल्ले भरले, बंदरात नांगरून ठेवलेली जुनी जहाजं भरली, तेव्हा ब्रिटिशांनी खास युद्धकैद्यांसाठी म्हणून ही छावणी बांधली. खास त्याच कामासाठी बांधलेली ही जगातली पहिली छावणी असं सांगतात. १७९६ च्या शेवटी काम सुरू झालं, ५०० च्या आसपास सुतार-मजूर लावले, सगळं बांधकाम लाकडी, आणि १७९७ च्या वसंतात पहिले कैदी आत. चार चौक, प्रत्येकात दुमजली लाकडी बराकी, झोपायला झोळ्या, आणि मधोमध एक अष्टकोनी बुरूज ज्यावरच्या तोफांची तोंडं बाहेर नाही तर आत, कैद्यांच्या दिशेने. एका वेळी पाच ते सात हजार माणसं. आजूबाजूच्या गावांपेक्षा ही छावणीच मोठी होती. १८१४ मध्ये बंद झाली, नंतर लाकूडफाटा लिलावात विकला.

यातले बहुतेक फ्रेंच, काही डच, आणि बरेचसे खलाशी. इथे एक गोष्ट लक्षात घ्या, ऑफिसर लोकांना बहुतेक वेळा 'पळून जाणार नाही' असा शब्द लिहून घेऊन गावात भाड्याने राहू द्यायचे. छावणीत सडायचे ते साधे लोक. म्हणजे कपाटातलं हे काम साध्या खलाशाचं, शिपायाचं आहे, कुठल्या सरदाराच्या फावल्या वेळेतलं नाही.

पण इतकी हौस कुठून आली?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि मला त्यातला हौस हा शब्दच पटत नाही. हौस नव्हती हो. विकायला बनवायचे.

छावणीच्या फाटकाशी बाजार भरायचा. आसपासचे शेतकरी भाजी, अंडी, तंबाखू घेऊन यायचे आणि कैदी आपल्या वस्तू मांडून बसायचे, पहारेकरी बघत असायचे. पीटरबरोची बरी माणसं, बाया-पोरं खास बघायला यायची, जाताना डॉमिनोची पेटी किंवा दागिन्यांचा डबा घेऊन जायची. त्या पैशातून कैदी जास्तीचा पाव, लोणी, चहा, जोडे, नवीन हत्यार घ्यायचा. सरकारी कपडे म्हणजे पिवळाधमक कोट नि विजार, पळाला तर लांबून दिसावा म्हणून. तो अंगावरून काढून दुसरं काही घालायचं असेल तरी पैसे हवेत. काही जण सुटताना चांगली रक्कम गाठीला बांधून गेले असं म्हणतात, ते सगळं खरं असेलच असं नाही पण काही जणांचं तरी नक्की असणार, कारण मोठ्या जहाजांना गिऱ्हाईक श्रीमंत मिळायचं.

आपल्याकडे येरवडा जेलच्या सतरंज्या म्हटलं की जेलने लावलेला कारखाना आठवतो. इथे तसं नाही. कोणी सक्ती केली नव्हती, माल कैद्याचा, कष्ट कैद्याचे, नफाही त्याचाच.

मग फक्त पैशासाठीच?

नाही, दुसरं पण आहे आणि ते मला स्वतःला खूप उशिरा कळलं. चोराला शिक्षा होते तेव्हा तारीख असते, अमुक वर्षांनी सुटणार. युद्धकैद्याला तारीखच नसते. आधीच्या युद्धांमध्ये दोन्ही बाजू कैद्यांची अदलाबदल करायच्या, दोन-तीन वर्षांत माणूस घरी. पण १८०३ ला युद्ध परत पेटलं तेव्हा नेपोलियनने फ्रान्समध्ये फिरायला आलेल्या साध्या इंग्रजांनाही अडकवून ठेवलं, त्यावरून भांडण चिघळत गेलं आणि अदलाबदल जवळपास थांबलीच. १८०३ ला पकडलेला पोरगा १८१४ ला सुटला अशी उदाहरणं आहेत. अकरा वर्षं! आणि उद्या सुटणार की कधीच नाही, काही माहीत नाही. हातात काम नसलेले लोक जुगाराला लागले, आणि जुगार म्हणजे असा की पुढच्या दिवसांचं जेवण लावायचे, अंगावरचे कपडे लावायचे. इंग्लंडमधल्याच डार्टमूरच्या तुरुंगात असे हरलेले लोक जवळजवळ नागडे एका घोंगड्यात राहायचे, त्यांना 'रोमन' म्हणायचे. म्हणजे एका बाजूला हा माणूस आणि त्याच छताखाली दुसऱ्या बाजूला केसाएवढी दोरी ओवत बसलेला माणूस. फरक काय तर एकाला काम सापडलं.

हाडं कुठून आणायचे?

स्वयंपाकघरातून. रेशनमध्ये आठवड्यातले बहुतेक दिवस गोमांस असायचं आणि दोन दिवस मासे. हजारो माणसांचं जेवण रोज, म्हणजे हाडांचा ढीग किती पडत असेल विचार करा. नळीची जाड हाडं सगळ्यात चांगली, मेंढीची पण चालायची. लाकूड बाजारातून विकत किंवा बराकीतूनच गायब केलेलं, पितळेच्या पिना, तांब्याची पत्री, आणि दोऱ्यांसाठी घोड्याचे केस, रेशीम, अगदी माणसाचे केससुद्धा. थोडक्यात जे फेकायचं ते सगळं.

हाड कोरतात कसं? घरी जमेल का?

आधी उकळायचं, मगज आणि चरबी पूर्ण काढायची, नाहीतर वर्षभरात पिवळं पडून वास मारतं. मग उन्हात पांढरं होऊ द्यायचं. करवतीने उभ्या पट्ट्या काढायच्या, कारण नळीचं हाड गोल असतं, त्यातून रुंद फळी निघतच नाही. म्हणून जहाजाचं अंग एका हाडाचं नसतं, आत लाकडी गाभा असतो आणि त्यावर हाडाच्या बारीक पट्ट्या, खऱ्या जहाजाच्या फळ्या ठोकाव्यात तशा, सरस लावून आणि पितळेच्या बारीक पिना मारून बसवलेल्या. जवळून बघितलं तर पिनांची डोकी ओळीने दिसतात. काचेच्या तुकड्याने खरवडून गुळगुळीत करायचे. हत्यारं म्हणजे चाकू, घासून धार काढलेला खिळा, तारेचं घरगुती ड्रिल.

मी लॉकडाऊनमध्ये करून बघितलं. बोकडाच्या नळ्या आणल्या, रस्सा आम्ही खाल्ला, हाडं साबणाच्या पाण्यात आठवडाभर बुडवून ठेवली (बायकोने बादलीच टाकून दिली नंतर) आणि करवत चालवली. पहिल्या मिनिटाला दाताच्या डॉक्टरकडे येतो तसला वास घरभर. दोन शनिवार घालवून एक बुकमार्क झाला असता, तो शेवटी भोक पाडताना चिरला. धूळ नाकात जाऊ देऊ नका, मास्क लावा आणि बाहेर करा एवढंच सांगतो. त्यानंतर त्या जहाजांकडे बघायची माझी नजर बदलली ते मात्र खरं.

जहाजं हुबेहूब असतात का?

नाही, आणि हे सांगितलं की लोक हिरमुसतात. नकाशे कुठले असणार, सगळं आठवणीतून. अंग जरा जास्तच निमुळतं, डोलकाठ्या उंच, तोफा प्रमाणापेक्षा मोठ्या, पुढची मूर्ती चक्क ठळक. पण गंमत अशी की बनवणारे खलाशी असल्यामुळे दोऱ्यांची बांधणी, कुठली दोरी कुठे ओवायची, ते बहुतेक बरोबर. काही जहाजांना खालून दोरे आहेत, ओढले की पितळेच्या तोफा आत जातात, सोडले की बाहेर. आणि फ्रेंच माणसाने बनवलेल्या जहाजाला नाव बरेचदा इंग्लिश, कारण घेणारा इंग्लिश. धंद्याची अक्कल होती.

एकट्याने एवढं होत नसे. एक जण पट्ट्या कापणार, एक जण तोफा ओतणार, एक जण दोरकाम, अशा टोळ्या असायच्या. सक्तीच्या सैन्यभरतीमुळे त्यांच्यात घड्याळवाले, सुतार, सोनार असे सगळे धंदे होते. फ्रान्सच्या दिएप बंदरात हस्तिदंत कोरणाऱ्यांची जुनी परंपरा आहे, तिकडचे लोक खलाशी म्हणून सापडले असणार आणि त्यांनी बाकीच्यांना शिकवलं असणार, असं जाणकार धरून चालतात आणि मला ते पटतं, कारण नवशिक्याचं काम असं नसतं. विचारा मला.

जहाजं सोडून अजून काय?

जहाजांवर सगळ्यांचे डोळे जातात पण माझ्या मते खरी कमाल काडकामाची आहे. गव्हाची काडी उभी चिरायची, उघडून सपाट करायची, रंगवायची आणि लाकडी पेटीवर चिकटवून चित्र करायचं. सोनेरी चमक काडीची स्वतःची, वार्निश नाही. फुलं, जहाजं, मोठमोठ्या इमारती, सगळं काडीत. झां द ला पोर्त नावाच्या कैद्याची काडचित्रं नावानिशी ओळखली जातात, ही फार दुर्मिळ गोष्ट आहे कारण बाकी जवळपास सगळं काम निनावी. पेटीच्या आतले रंग बघा, तिथे ऊन लागलेलं नसतं, लाल-हिरवा अजून ताजा असतो.

मग हाडाच्या डॉमिनो पेट्या, बुद्धिबळ, घड्याळ टांगायचे स्टँड, सूत कातणाऱ्या बाईचं खेळणं ज्याचा दांडा फिरवला की बाई चाक फिरवते. आणि गिलोटिन. हो, गिलोटिन. दोन मजली, शिपाई उभे, पातं पडतं आणि मुंडकं खरंच वेगळं होतं. ही माणसं फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातच वाढलेली, त्यांना ते आपल्या गावच्या चावडीसारखं ओळखीचं, आणि इंग्लिश गिऱ्हाइकाला त्याची भीतीयुक्त मजा वाटायची. खप चांगला.

अश्लील खेळणी आणि चित्रं पण विकली जायची, त्यावरून अधिकाऱ्यांचा आरडाओरडा झाला, बाजारावर बंधनं आली. ती म्युझियममध्ये मांडलेली मी तरी बघितली नाहीत.

काडाच्या टोप्यांवर बंदी होती म्हणतात, ते का?

कारण स्थानिक लोकांच्या पोटावर पाय. त्या काळी काडाच्या वेण्या वळून त्याच्या टोप्या करायचा धंदा बेडफर्डशर-ल्यूटन भागातल्या गरीब बायका-पोरांच्या हातात होता. कैद्याला ना भाडं, ना कर, जेवण सरकारचं, तो अर्ध्या किमतीत विकणार. म्हणून काडाच्या वेण्या आणि टोप्या विकायला मनाई केली, पेट्या आणि खेळणी चालतील. बंदी आली की तस्करी आलीच. पहारेकरी शिपाईच कपड्यांखाली अंगाला वेण्या गुंडाळून बाहेर न्यायचे आणि काड आत आणायचे, सापडले की फटके. काडी एकसारखी चिरायचं छोटं हत्यार, ज्यात मधे टोक आणि भोवती पाती असतात, ते या कैद्यांनीच आणलं असं इकडे सांगतात. बंदी तुमच्यावर आणि हत्यार आमचं असा मामला.

याच हातांनी खोट्या नोटाही बनायच्या. खोटी नोट म्हणजे तेव्हा फाशीचा गुन्हा, तरी करायचे. एडिंबरा किल्ल्यातल्या कैद्यांनी तर हाडावर ठसे कोरून नोटा छापल्या. कोरीवकाम ते कोरीवकामच.

तिथे लोक मेले पण असतील ना? सगळं इतकं गोड होतं का?

अजिबात नाही. नॉर्मन क्रॉसला साधारण १,७७० माणसं मेली आणि त्यातली हजारावर एकाच साथीत, १८०० ते १८०१ च्या हिवाळ्यात, टायफसने. लाकडी बराकीत एकमेकांना खेटून झोळ्या, वर उवा, मग काय होणार. थडगी खुणेशिवाय. १९१४ मध्ये रस्त्याकडेला खांब उभारून वर ब्राँझचा गरुड बसवला, तो १९९० मध्ये चोरीला गेला आणि २००५ मध्ये नवा बसवला. मी पाहुण्यांना म्युझियमनंतर तिथेही नेतो, पाच मिनिटं लागतात, गाड्यांचा आवाज फार आहे. मात्र बराकी वगैरे बघायची आशा ठेवू नका, गवत आहे.

आपल्या महाराष्ट्राशी काही संबंध?

आहे की. अहमदनगरचा किल्ला (आता अहिल्यानगर) म्हटलं की आपल्याला नेहरू आणि १९४२ आठवतं, पण त्याच्या आधीपासून नगर हे परदेशी कैद्यांचं गाव होतं. दक्षिण आफ्रिकेत इंग्रजांनी युद्धात बोअर, म्हणजे तिथल्या डच वंशाच्या लोकांना पकडलं आणि तिथे ठेवायची भीती वाटली म्हणून समुद्रापार पाठवले, सेंट हेलेना, सिलोन, बर्म्युडा आणि भारत. भारतात आले त्यातले काही १९०१ मध्ये नगरला. हे बोअर म्हणजे शेतकरी, हाताने काम करायची सवय, सगळ्याच छावण्यांमधून त्यांनी कोरलेल्या काठ्या, पाइप, डबे, हाडाचे ब्रोच निघतात आणि त्यावर बरेचदा डच भाषेत युद्धकैदी असा शब्द, छावणीचं नाव आणि साल. बर्म्युडाला तिथल्या सीडरच्या लाकडाचं काम केलं आणि ते विकलंही.

पहिल्या महायुद्धात भारतातले जर्मन आणि ऑस्ट्रियन लोक, व्यापारी, मिशनरी, जहाजावरचे, सगळे उचलून नगरलाच. दुसऱ्या महायुद्धात परत नगर आणि मग देवळाली. हाइनरिख हारर हा गिर्यारोहक पुढे तिबेटला पोचला म्हणून प्रसिद्ध, तो १९३९ ला कराचीत पकडला गेल्यावर आधी नगरला, मग देवळालीला आणि मग डेहराडूनला होता. १९४४ च्या एप्रिलमध्ये तो आणि त्याचे साथीदार, एकूण सात जण, डेहराडूनच्या कॅम्पच्या फाटकातून चालत बाहेर पडले, दोघे ब्रिटिश ऑफिसर बनून आणि बाकीचे डोक्याला मुंडासं बांधून देशी मजूर बनून, खांद्यावर शिडी आणि काटेरी तारेचं भेंडोळं, जणू कुंपण दुरुस्तीला निघालेत. सोंग पण हातकामच आहे, नाटकवाल्यांना विचारा.

मण्यांचा साप बघितलाय, त्यावर काहीतरी इंग्लिश लिहिलेलं, तो काय आहे?

बहुतेक तुर्की कैद्यांचा. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी पकडलेल्या ऑटोमन सैनिकांनी दोऱ्यात मणी ओवून क्रोशाने विणलेले साप आणि सरडे बनवले, काही फूटभर, काही चांगले दोन मीटर लांब, आणि पोटाच्या बाजूला मण्यांचीच इंग्लिश अक्षरं, तुर्की कैदी आणि खाली साल, १९१७ वगैरे. आपण सापाला घाबरतो आणि पूजतोही, त्यांच्याकडेही साप शुभ मानायची पद्धत काही भागात होती. इथल्या जुन्या बाजारात अजून मिळतात. बऱ्याच अक्षरांमध्ये स्पेलिंग चुकलेलं असतं किंवा अक्षर उलटं असतं, कारण विणणाऱ्याला ती लिपी येतच नव्हती, तो चित्र समजून विणत होता. चुका असलेला साप मला जास्त आवडतो.

बायकांनी बनवलेलं काही आहे का? सगळे पुरुषच दिसतात.

आहे आणि ते एकदा वाचा म्हणजे बाकीचं सगळं विसराल. सिंगापूर १९४२ च्या फेब्रुवारीत जपान्यांच्या हातात गेलं. युरोपियन नागरिकांना चांगी तुरुंगात कोंबलं, बायका-मुलं एका बाजूला, नागरिक पुरुष दुसऱ्या बाजूला, आणि सैनिक वेगळ्याच छावणीत. नवरा जिवंत आहे का बायकोला माहीत नाही, बायको आहे का नवऱ्याला माहीत नाही, चिठ्ठी पाठवायला बंदी. एथेल मलव्हेनी या कॅनडाच्या बाईंनी, ज्या रेड क्रॉसचं काम करायच्या, कल्पना काढली की आपण जखमी सैनिकांच्या हॉस्पिटलसाठी गोधड्या शिवू. प्रत्येक बाईला एक चौकोनी तुकडा, त्यावर स्वतःबद्दल काहीतरी आणि आपलं नाव भरतकामाने. तीन गोधड्या झाल्या, प्रत्येकी ६६ तुकडे. एक ब्रिटिश जखमींसाठी, एक ऑस्ट्रेलियन, आणि एक जपानी जखमींसाठी. ही तिसरी म्हणजे डोकं बघा, ती असल्यामुळे बाकीच्या दोन जाऊ दिल्या असणार. गोधडी हॉस्पिटलात पोचली आणि तिथल्या पुरुषांना नावं वाचता आली. कुणी टोपलीभर फुलं भरली, कुणी तुरुंगाची कोठडी, कुणी फक्त घर.

आपल्याकडे आजीच्या लुगड्याची गोधडी करतात ना, तीच गोष्ट आहे ही, कापड कोणाचं ते महत्त्वाचं. त्यातल्या दोन आज ऑस्ट्रेलियाच्या वॉर मेमोरियलमध्ये आहेत आणि ब्रिटिशांची लंडनला रेड क्रॉसकडे.

पळून जायच्या वस्तू पण यातच धरायच्या का? बोगदे, होकायंत्र वगैरे?

मी धरतो. सिनेमांमुळे तेवढंच लोकांना माहीत असतं म्हणून थोडक्यात. आजच्या पोलंडमधल्या, जर्मनांच्या स्टालाग लुफ्ट थ्री कॅम्पमधून १९४४ च्या मार्चमध्ये ७६ जण बोगद्यातून निघाले, ५० जणांना पकडून गोळ्या घातल्या. त्या बोगद्यात हवा जायची ती रेड क्रॉसच्या पार्सलमधल्या दूध पावडरच्या डब्यांचे तळ कापून जोडलेल्या पाइपातून. होकायंत्राची डबी ग्रामोफोनची तबकडी वितळवून. आणि जर्मनीतल्या कोल्डिट्झच्या किल्ल्यात तर ब्रिटिश ऑफिसरांनी माळ्यावर खोटी भिंत उभी करून तिच्या मागे चक्क ग्लायडर बांधलं, दोन माणसांचं, पंखांचा पसारा जवळपास दहा मीटर! पलंगाच्या फळ्या, चौकड्याचं चादरीचं कापड, आणि कापड ताणून बसावं म्हणून त्यावर शिजवलेल्या बाजरीसारख्या धान्याची खळ. आपण साडीला करतो तसलीच. उडायच्या आत युद्ध संपलं आणि ग्लायडर तिथेच राहिलं. त्याची प्रतिकृती पुढे २००० साली उडवून बघितली, उडाली.

यात आणि नॉर्मन क्रॉसमध्ये माझ्या लेखी मोठा फरक आहे. ऑफिसरकडे पळायची योजना असते, खलाशाकडे गिऱ्हाईक असतं.

कैद्यांना असं काम करू देणं कायद्यात बसतं का?

बसतं. १९०७ च्या हेगच्या नियमांत आहे की कैद्याला स्वतःच्या हिशेबाने काम करायची परवानगी देता येते. १९४९ च्या जिनिव्हा कराराने तर कैद्यांच्या करमणूक-शिक्षणाला उत्तेजन द्या असं म्हटलंय. नेपोलियनच्या वेळी असा आंतरराष्ट्रीय करार नव्हता, सगळं सरकारी नियमांवर आणि अधिकाऱ्यांवर. त्यांना पटायचं, कारण हात गुंतलेला माणूस दंगा करत नाही.

ऑर्कनीचं ते चर्च खरंच कैद्यांनी बांधलंय?

हो. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांमधलं लॅम होम नावाचं उघडं बोडकं बेट, तिथे दुसऱ्या महायुद्धात समुद्रात बांध घालायला इटालियन कैदी आणले होते. त्यांनी पत्र्याच्या दोन अर्धगोल झोपड्या टोकाला टोक जोडल्या आणि डोमेनिको किओकेत्ती या चित्रकाराने आतून असं रंगवलं की पत्रा कुठे आहे ते कळत नाही, विटा आणि कोरलेला दगड वाटतो, सगळा नुसता रंग. दिवे बीफच्या रिकाम्या डब्यांचे. १९४४ मध्ये बाकीचे गेले तरी किओकेत्ती काम पूर्ण करायला मागे थांबला. बेट सोडून जायची वेळ आलेला माणूस काम राहिलं म्हणून थांबतो, हे माझ्या सासऱ्यांना पटलंच नाही, ते म्हणाले याला पगार थकला असेल. १९६० मध्ये तो डागडुजीला परत पण आला होता.

मला ईबेवर हाडाची पेटी दिसतेय, घेऊ का?

आधी भिंग घ्या. हाडात रक्तवाहिन्यांच्या बारीक काळपट रेघा किंवा ठिपके दिसतात. हस्तिदंतात तसे नसतात, उलट आडव्या कापावर एकमेकांना छेदणाऱ्या जाळीसारख्या रेघा असतात. काहीच दिसत नसेल, एकदम एकसारखं पांढरं असेल तर प्लॅस्टिक किंवा रेझिन. गरम सुई टोचायचा सल्ला लोक देतात, कृपया नको, वस्तू खराब होते. जुन्या पेटीत एखादी पट्टी उचकटलेली, एखादी दुरुस्ती, आतल्या बाजूला मळ असा असतो, सगळंच नवंकोरं असेल तर विकणाऱ्याला कॅम्पचं नाव कशावरून सांगतोस ते विचारा. मोठी जहाजं लिलावात हजारो पौंडांना जातात म्हणूनच नकली पण निघतात. हस्तिदंत असेल तर विषय सोडा, भारतात आणणं बेकायदेशीर आहे आणि ब्रिटनमध्येही आता विक्रीवर कडक बंदी आहे.

उलट दिशेने पण लक्षात ठेवा, घरात पणजोबांची अशी शंभर वर्षांपुढची काही वस्तू असेल तर ती परवानगीशिवाय भारताबाहेर नेता येत नाही. आणि कृपा करून ब्रासोने घासू नका. सातारा-कोल्हापूरकडे फौजी घरं इतकी आहेत, मराठा पलटणी १९१६ ला इराकमधल्या कुत अल अमारात तुर्कांच्या हाती सापडल्या होत्या, कोणाच्या ट्रंकेत काय असेल सांगता येत नाही. आधी फोटो काढा आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून गोष्ट लिहून ठेवा, वस्तूपेक्षा ती आधी जाते.

दुसऱ्याच्या दुःखाची वस्तू विकत घेणं बरोबर आहे का?

नॉर्मन क्रॉसची वस्तू विकायलाच बनवली होती, त्यामुळे मला काही वाटत नाही. पण अमेरिकेत वेगळं घडलं. १९४२ पासून तिथल्या जपानी वंशाच्या सव्वा लाखाच्या आसपास लोकांना, बहुतेक अमेरिकेचेच नागरिक, वाळवंटातल्या आणि इतर आडजागच्या छावण्यांमध्ये टाकलं. त्यांनी फळांच्या खोक्यांच्या लाकडातून इवलेसे पक्षी कोरून ब्रोच केले, पक्ष्याचे पाय खिडकीच्या जाळीच्या तारेचे. टुली लेक छावणी जुन्या तळ्याच्या जागी होती तर तिथे जमीन खणून शिंपले काढून फुलं केली. यातल्या कित्येक वस्तू एका संशोधकाला लोकांनी भेट दिल्या होत्या, त्यांचं प्रदर्शन होईल या समजुतीने. २०१५ मध्ये त्या लिलावात आल्या. कैद्यांची मुलं-नातवंडं उभी राहिली, कोणाला कॅटलॉगमध्ये आपल्याच घरच्यांचे फोटो दिसले, एवढा गदारोळ झाला की लिलाव रद्द करावा लागला आणि सगळं लॉस एंजेलिसच्या जपानी अमेरिकन म्युझियमकडे गेलं. भेट म्हणून दिलेली गोष्ट आणि विकलेली गोष्ट यात फरक आहे एवढंच माझं म्हणणं.

पीटरबरोला बघायला किती वेळ लागतो?

लंडनच्या किंग्ज क्रॉसवरून ट्रेनने तासाभरात पोचता, स्टेशनपासून म्युझियम चालत, निघण्याआधी उघडायच्या वेळा बघून घ्या. दोन तास पुरतात, मला तीन लागतात. मोबाइलचा टॉर्च काचेवर मारू नका, काडीचा रंग उडतो आणि तिथल्या बाई ओरडतात. मुलं असतील तर आधी सूत कातणारी बाई दाखवा. गिलोटिन आधी दाखवलं तर मग पोरं दुसरं काही बघायला हलत नाहीत, आणि परतीच्या ट्रेनमध्ये काकडीचं पण मुंडकं उडतं.